गावातल्या गेमिंग टीमचा लीडर कसा असावा? रेंज, लाइट, वेचणी सगळं धरून बोलू

धुऱ्यावरचा (धागा सुरू करणारा)

बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स या मोबाइलवरच्या बंदूकबाजीच्या खेळांच्या, चौघाचौघांच्या टीम आता वाशिम, यवतमाळ, बुलडाण्याकडं गावोगाव आहेत. टीम बनते, दोन-तीन महिने चालते आणि मोडते. निशाणा खराब म्हणून क्वचितच मोडते. बहुतेक वेळा लीडर चुकीचा निवडलेला असतो. ज्याचे किल (मारलेले शत्रू) जास्त, त्याच्या गळ्यात लीडरकी टाकतात. जो सगळ्यात पुढं जाऊन भिडतो तोच सगळ्यात आधी नॉक होतो (जखमी होऊन खाली पडतो), आणि तोच बोलणारा असला की मागचे तिघं मुके होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचा आवाज मॅचच्या मधात बंद पडला तरी उरलेले तिघं ठरल्याप्रमाणं खेळत राहतात, तो चांगला लीडर. शहरात फायबरवर खेळणाऱ्या टीमचा लीडर शेवटपर्यंत बोलू शकतो. आपल्याकडं लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंज दोन दांड्यांवर येते. आवाज जाणार हे धरूनच चालायचं. म्हणून लीडरचं अर्धं काम लॉबीत (मॅच सुरू व्हायच्या आधी थांबायच्या जागी), विमानात बसायच्या आधी, उरकलेलं पाहिजे.

विमानातून पॅराशूटनं उतरायची जागा एक नाही, दोन ठरवा. नकाशावर विमानाच्या वाटेची रेघ दिसल्यावर पहिली जागा लांब पडत असेल तर न बोलता दुसरी. सरळ खाली झेप घ्यायची असेल तर जागा रेघेपासून साधारण ७५० ते ८०० मीटरच्या आत पाहिजे, त्यापलीकडं तरंगत जावं लागतं आणि दुसरी टीम आधी पोचते. कोण कोणतं घर लुटणार (तिथल्या बंदुका-औषधं उचलणार) हे जागेसोबतच ठरतं, नाहीतर चौघं एकाच घरात शिरतात आणि दोघांच्या हातात पिस्तूल राहतं. लीडर गेला तर कोण बोलणार, त्याचं नाव आधी घ्या. कोणाचाच आवाज येत नसेल तर नकाशावरच्या शेवटच्या पिनवर (खुणेवर) जमायचं, हाही नियम करून ठेवा.

एरँगलवर (बीजीएमआयचा एक नकाशा) मिलिटरी बेसला उतरणाऱ्या टीमनं तर हे लिहूनच ठेवावं. ते बेट आहे, बाहेर निघायला दोन पूल. झोन (आत राहायचा सुरक्षित गोल) उत्तरेला पडली आणि लूट लांबली की पुलावर टीम दबा धरून बसलेल्या असतात. निघायची वेळ त्या क्षणी ठरवणारा लीडर उशीरच करतो. होडीनं जायचं की पुलानं, हे उतरायच्या आधी ठरलेलं बरं.

बाकीच्यांनी भर घाला. अनुभवाच्या गोष्टी नकोत, कामाचं लिहा.

रानवाट

भाऊ, मुद्दा पक्का हाय. कॉल कसा द्याचा ते मी जोडतो.

चांगल्या कॉलमंधी तीनच गोष्टी रायतात: दिशा, अंतर, काय दिसलं. स्क्रीनच्या वरतं कंपासचे आकडे हायत, ० ते ३६०. "दोनशे चाळीस, शंभर मीटर, झाडामागं एक." संपलं. "अबे तिकडं हाय, तिकडं पाय" म्हटलं तर चौघायचे तोंडं चार दिशेले रायतात, मंग तिकडं म्हंजे कोनीकडं? डावा-उजवाची बी हेच गत. अंतर अंदाजानं नाई सांगाचं, मार्कर ठेवला की मीटर दिसते.

दुसरं, भिडंत चालू असतानी लीडरनं कमी बोलाचं. जो दुश्मनाच्या जवळ हाय त्याले बोलू द्याचं. मेलेल्यानं माइक बंद ठेवाचा, इचारलं तरच बोलाचं. हा नेम पाळनं सगळ्यात कठीन जाते, काऊन का मेलेल्याले दुसऱ्याची स्क्रीन दिसते आन् त्याले वाटते मीच सांगतो. तीन आवाज एकदम आले की पावलाचा आवाज आयकू येत नाई, आन् पावलं हेच तर आपले कान हायत.

भिडंत संपली का लीडरचा पयला शब्द मोजनीचा पायजे: किती उभे, कोनाची तब्येत किती. मंग हिशोब. बीजीएमआयमंधी रिव्हाइव्हले (पडलेल्याले उठवाले) १० सेकंद लागतात, फर्स्ट एडले ६ सेकंद आन् तेवढ्यात ७५ टक्क्यांपर्यंतच भरते, मेड किटले ८ सेकंद. दोघं खाली पडले असन तर एकामागं एक उठवून पट्टी करेपर्यंत अर्धा मिनिट जाते. गोळीबार आयकून तिसरी टीम तेवढ्यात पोचतेच. अशा टायमाले "लूट सोडा, आधी भितीच्या आड या" हे ज्याच्या तोंडून निंगते तो लीडर. मेलेल्याच्या पेटीत काय गन हाय हे मंग पाहू.

तुरीचं_शेत

रेंजवर सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या अर्ध्या हारी इथून सुरू होतात आणि खापर खेळाडूवर फुटतं.

लीडरला चौघांच्या नेटची कुंडली पाठ पाहिजे. कोणाकडं कोणत्या कंपनीचं सिम, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) किती राहतं, संध्याकाळी किती वाढतं. ६० मिलिसेकंदांच्या आत असेल तर मजेत खेळता येतं, १०० च्या वर गोळी लागल्याचं उशिरा कळतं, २०० च्या वर त्या पोरानं समोरासमोर भिडूच नये. त्याला मागं राहून स्मोक (आडोशाचा धूर) टाकायचं, उठवायचं, नजर ठेवायचं काम द्या. हे त्याला आधी नीट समजावून सांगा, नाहीतर त्याला वाटतं आपल्याला कमी लेखलं.

पॅराशूटला फॉलो (एकामागं आपोआप उतरणं) कोणाला करायचं? ज्याचं नेट सगळ्यात पक्कं त्याला. लीडरच पाहिजे असं नाही. फॉलो दिलेल्याचं नेट विमानात अडकलं तर चौघंही नको तिथं जाऊन पडतात. गाडी चालवणाराही तोच. ड्रायव्हर मधातच डिस्कनेक्ट झाला तर गाडी उघड्या रानात थांबते आणि आतले तिघं आयते सापडतात.

दोन सिमच्या फोनची एक खोड बहुतेकांना ठाऊक नसते. डेटा एका सिमवर चालू असताना दुसऱ्या सिमवर फोन आला की बहुतेक फोनवर डेटा थांबतो. डू नॉट डिस्टर्ब लावलं तरी घंटी वाजत नाही एवढंच, फोन आत येतोच आणि मॅच अडकते. मॅचपुरतं सेटिंगमध्ये जाऊन दुसरं सिम बंद करायचं, आणि घरी आधी सांगून ठेवायचं की या वेळेत फोन लागणार नाही, काम असलं तर अमक्याला लावा. घरच्यांना अंधारात ठेवून हे करू नका. शेतात कोणी जागलीवर असेल तर त्यांचा फोन लागणं मॅचपेक्षा महत्त्वाचं आहे, अशा दिवशी त्या पोराला बसवा आणि राखीव पाचव्याला घ्या.

५जी दाखवतं म्हणून खुश होऊ नका. गावाच्या कडेला फोन ५जी आणि ४जी मध्ये उड्या मारतो, दर उडीला पिंग वर जातं. नेटवर्क मोड ४जी वर पक्का ठेवून पाहा, बऱ्याच जागी जास्त स्थिर मिळतं.

ज्याच्या घरी फायबर आहे तिथं राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला की लाइट गेली तरी नेट टिकतं. फक्त राउटर आणि त्याच्या बाजूचा फायबरचा डबा हे दोन वेगळे असतील तर दोन्हीला वीज पाहिजे. एकालाच यूपीएस लावतात आणि मग म्हणतात यूपीएस बेकार.

पऱ्हाटी

यात उन्हाळा जोडा. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडं पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याखाली फोन इतका तापतो की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. फ्रेम तुटतात, पोरगं म्हणतं नेट खराब, पिंग तर ५० दिसतं. लीडरला हा फरक कळला पाहिजे. पिंग ठीक आणि चित्र अडखळतं, तर फोन तापलाय. पिंग लाल आणि माणसं उड्या मारताना दिसतात, तर नेट. पहिल्यावर उपाय म्हणजे चार्जिंगला लावून खेळू नये, कव्हर काढावं, ग्राफिक्स खाली आणावे, दोन मॅचमध्ये दहा मिनिटं थांबावं. फ्रिजमध्ये फोन ठेवू नका, आतून ओल धरतो.

मोटेवरचं_गाणं

लीडरला गणित आलं पाहिजे, यावर कोणीच बोललं नाही. बीजीएमआयच्या स्पर्धेत साधारण १६ टीम असतात, चौघं धरून ६४ खेळाडू. आता बहुतेक जागी गुण असे देतात: पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २, आणि सातव्या-आठव्याला १-१. नवव्यापासून शून्य. प्रत्येक किलला १.

हे नुसतं पाठ असून भागत नाही, त्याचा अर्थ लावता आला पाहिजे. आठव्यावरून सातव्यावर गेलं तर काहीच वाढत नाही. सातव्यापासून दुसऱ्यापर्यंत एकेक पायरी चढायला एकच गुण मिळतो, म्हणजे एका किलएवढा. पण दुसऱ्यावरून पहिल्यावर गेलं की एकदम ४ वाढतात, एका पूर्ण टीमच्या किलएवढे. लपून चौथा आलेला आणि एकही किल नसलेला संघ ४ गुणांवर राहतो. आठव्यावर गारद झालेला पण चार किल घेतलेला ५ वर.

म्हणून लीडरला "लपायचं की भिडायचं" हे अंगात आलं म्हणून ठरवता येत नाही. नऊ टीम जिवंत असताना आपले दोनच उरले असतील तर भिडू नका, एक टीम जाऊ द्या, खात्यात १ पडेल. आठवरून सात होईपर्यंत लपण्यात काही हाती लागत नाही, तेव्हा सोपा किल दिसला तर घ्या. शेवटच्या दोन टीममध्ये आलात आणि चौघं उभे आहात तर सगळं पणाला लावा.

गावातल्या किंवा तालुक्याच्या काही रूममध्ये (आयोजकानं पासवर्ड देऊन लावलेल्या मॅचमध्ये) अजून जुना तक्ता चालतो, पहिल्याला १५, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०. तिथं हा सगळा हिशोब बदलतो, कारण नंबरला वजन जास्त आणि लपणं परवडतं. आयोजकाला आधी विचारून गुणांचा तक्ता ग्रुपवर टाकणं हे लीडरचं काम आहे. मॅच संपल्यावर निकालाचा स्क्रीनशॉट कोण काढणार तेही ठरवा. मेलेले लॉबीत परत जातात आणि वाद झाला की पुरावा कोणाकडंच नसतो.

रानवाट

जबरदस्त. हा तक्ता आमच्याइकडच्या पोट्ट्यायनं भितीवर चिकटवाले पायजे.

चिंचेखाली

एक विचारू का? लीडर कडक पाहिजे की गोड? आमच्या तालुक्यातल्या टीममध्ये यावरूनच वाद आहे. काही म्हणतात शिव्या दिल्याशिवाय पोरं जागी होत नाहीत.

जात्यावरची_ओवी

चिंचेखाली दादा, शिवी दिल्यानं काय होतं ते पाहा. ज्याला शिवी बसते तो पुढच्या वेळी शत्रू दिसला तरी कॉल देत नाही, कारण चुकला तर पुन्हा ऐकावं लागेल. लीडरला माहिती मिळणं बंद होतं, आणि माहिती बंद झालेला लीडर आंधळा. म्हणून मॅच चालू असताना चुकीवर एक शब्द नाही. मॅच संपल्यावर दहा मिनिटं बसा आणि फक्त पहिला माणूस कुठं आणि का पडला तेवढंच पाहा. बाकीची पडझड तिथूनच सुरू झालेली असते. "तू चुकला" म्हणू नका, "त्या वेळी तुला काय दिसत होतं" हे विचारा. बरेचदा कळतं की त्याला जे दिसत होतं ते लीडरला दिसतच नव्हतं.

मात्र काही गोष्टींवर लीडरनं जराही मऊ राहू नये. जातीवरून बोलणं, आईबहिणीवरून शिवी, आणि टीममधल्या मुलीला समोरच्या टीमकडून घाण ऐकवलं जात असताना गप्प बसणं. मुलींच्या बाबतीत काय करायचं ते आधीच सांगून ठेवा: समोरच्याला म्यूट करायचं, रिपोर्ट करायचं, स्क्रीनशॉट घ्यायचा, आणि हे काम लीडरनं करायचं. तिनंच तक्रार करावी आणि तिनंच सिद्ध करावं, असं नाही. मुली दोन दिवसांत खेळणं सोडतात त्याचं कारण खेळ नसतो.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की टीमच्या ग्रुपवर पॅनलची भांडणं शिरतात. महिनाभर ग्रुपवर फक्त खेळाचं बोलायचं हा नियम नामनिर्देशन भरायच्या आधीच लावा. भांडण पेटल्यावर लावलेला नियम कोणत्या तरी एका बाजूचा वाटतो.

आणि लहान पोरांचं. बीजीएमआय २०२३ च्या मे महिन्यात परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा लागली, मोठ्यांना ६ तासांची. सहा मॅचचा दिवस असेल आणि एक मॅच अर्ध्या तासाची धरली तर तीन तास तिथंच भरतात. सकाळी सराव केलेलं पोरगं संध्याकाळी शेवटच्या मॅचला बाहेर फेकलं जातं. यावर उपाय म्हणून मोठ्या भावाच्या आयडीनं खेळवतात, तसं करू नका. स्पर्धेत आयडी आणि वय तपासलं की अख्खी टीम बाद होते. सराव आदल्या दिवशी ठेवा आणि वयाची अट आयोजकाकडून लेखी घ्या. दहावी-बारावीच्या पोरांना जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत राखीव ठेवा. त्यांची जागा परत मिळेल हे लीडरनं त्यांच्या आईवडिलांसमोर सांगावं. मग पोरगं चोरून खेळत नाही.

तुरीचं_शेत

ताईंशी सहमत. आयडीवरून आठवलं, लीडरनं कोणाचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागू नये आणि कोणी आपणहून दिला तरी घेऊ नये. पुढं आयडी बंद पडला किंवा स्किन (विकत घेतलेला पोशाख-सजावट) गेली की बोट लीडरकडंच वळतं.

नांगरणी

पैशाचा विषय राहिला, आणि टीम सगळ्यात जास्त याच कारणानं फुटतात.

बक्षीस मिळाल्यावर वाटणी ठरवू नका. टीम बनते त्या दिवशी ठरवा आणि ग्रुपवर पिन करून ठेवा. पाच जणांत सारखी वाटणी, पाचवा खेळला नाही तरी त्याचा वाटा, हे मला सगळ्यात टिकाऊ वाटतं. किलवर वाटणी ठेवली तर पोरं एकमेकांचे नॉक चोरतात आणि स्मोक टाकायला कोणी राहत नाही. रक्कम ज्याच्या खात्यात येते त्यानं त्याच दिवशी स्क्रीनशॉट टाकावा.

आता नीट ऐका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून जिंकायच्या ऑनलाइन खेळावर त्यात बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. ई-स्पोर्ट्स त्यात वेगळे धरले आहेत. त्यांना नोंदणी फी आणि कामगिरीवरचं बक्षीस चालतं, पण त्यासाठी मान्यता आणि नोंदणीची चौकट आहे. ग्रुपवर येणाऱ्या "एवढे भरा, एका किलला एवढे मिळवा" अशा रूमची गोष्ट वेगळी आहे. चार गावांतल्या पोरांकडून क्यूआर कोडवर पैसे गोळा करून अशी रूम लावणारा लीडर स्वतःला आयोजकाच्या जागी नेऊन बसवतो, आणि खात्यावर नोंदी त्याच्याच नावाच्या राहतात. त्या वाटेला जाऊ नका. सराव करायचा तर फुकट रूम लावा, शेजारच्या तालुक्यातल्या टीम बोलवा.

चिंचेखाली

हे आज पहिल्यांदा एवढं स्पष्ट कळलं. आमच्या ग्रुपवर टाकतो.

फ्री फायरवाल्यांसाठी काही वेगळं आहे का?

पऱ्हाटी

आहे. फ्री फायर मॅक्सची मॅच लहान, साधारण ५० खेळाडू आणि दहा-पंधरा मिनिटं. लांबचं नियोजन कमी, पटकन भिंत उभी करणं जास्त. ग्लू वॉल (आडोशाला फेकायची भिंत) कोण टाकणार हे ठरलेलं नसेल तर चौघं एकाच वेळी टाकतात आणि पुढच्या भिडंतीला कोणाकडंच उरत नाही. लीडरनं प्रत्येक भिडंतीनंतर वॉलची मोजणी विचारावी, जशी वर रानवाटनं तब्येतीची सांगितली.

गिल्डचा (खेळातल्या मोठ्या गटाचा) लीडर हे मात्र वेगळंच काम आहे. तिथं निशाणा नसला तरी चालतो, हजेरीची वही ठेवणारा माणूस पाहिजे. कोण आठवडाभर आलं नाही, का आलं नाही हे विचारल्याशिवाय काढू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणी, पुढं कापसाची वेचणी. या दिवसांत पोरं येणारच नाहीत. हे महिने सोडून हजेरीचा नियम ठेवा. काही पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला जातात, त्यांना रात्री अकरानंतर बसवू नका. वेळ संध्याकाळी आठ ते दहा पक्की ठेवा आणि दहाला लीडरनं स्वतः "बंद" म्हणावं. "एक अजून" ही मॅच जवळपास नेहमी वाईट जाते, डोळे आणि बॅटरी दोन्ही उतरलेले असतात.

धुऱ्यावरचा

सगळ्यांचं मनापासून आभार. सरावाची एक पद्धत सुचवतो, जी वरच्या सगळ्याची परीक्षा घेते. आठवड्यातून एक मॅच लीडरनं माइक बंद करून खेळायची. फक्त पिन, क्विक चॅट (बटण दाबून जाणारी तयार वाक्यं) आणि इमोट (पात्राचे हावभाव). क्विक चॅटमधली वाक्यं आधी सेटिंगमधून निवडून घ्या, बारा नको, सहा-सात पुरे: थांबा, इकडं या, शत्रू समोर, मला उठवा, गाडी घ्या, झोनमध्ये चला. मॅच संपली की पाहा कोण गोंधळलं आणि कुठं. जिथं गोंधळलं ती गोष्ट आधी ठरलेली नव्हती. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला लीडर करून हेच करा.

मोटेवरचं_गाणं

चांगली पद्धत आहे. त्यात एक शंका. स्पर्धेच्या दिवशी रूमचा आयडी आणि पासवर्ड मॅचच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लीडरच्याच फोनवर येतो. नेमकी तेव्हाच त्याच्याकडं लाइट आणि रेंज गेली तर?

धुऱ्यावरचा

नोंदणी करतानाच दोन नंबर द्यायचे. लीडरचा एक आणि दुसऱ्या गावातल्या किंवा निदान दुसऱ्या टॉवरवरच्या खेळाडूचा दुसरा. एकाच गल्लीतले दोन नंबर दिले तर दोन्ही सोबतच बंद पडतात. आयोजक एकच नंबर घेत असेल तर तो लीडरचा न देता ज्याचं नेट पक्कं त्याचा द्या. आणि आयडी आला की ग्रुपवर टाकून थांबू नका, साधा एसएमएससुद्धा करा. डेटा गेलेल्या फोनवर एक दांडी रेंज उरली असेल तरी एसएमएस पोचतो.